मेंदूची चूल : विस्मृतीच्या रोगाचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, महाड-पोलादपूरच्या बाजूस सह्याद्रीच्या पायथ्याशीं कापडे नांवाचें गांव आहे. खालीं भाताचीं खाचरें, वर उतारावर नाचणी आणि वरी, आणि घरांतील कमावता माणूस बहुधा मुंबईस नोकरीवर, असें या सर्व खोऱ्याचें जुनें चित्र आहे. गांवीं राहतात तीं वडील माणसें. अशा एखाद्या घरांतील आजी एके दिवशीं चुलीवर भात ठेवून विसरते. पुढें ती सुनेला बहिणीच्या नांवानें हांक मारूं लागते. मग एका संध्याकाळीं, ज्या पायवाटेनें ती साठ वर्षें गेली-आली, त्याच पायवाटेवर उभी राहून ती 'आमचें घर कोठें आहे?' असें विचारते. शेजारी म्हणतात, 'वय झालें.' कोणी 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण ऐकवितो, कोणी 'म्हातारचळ' म्हणून हंसतो, आणि कोणी हलक्या आवाजांत बाहेरच्या बाधेचें नांव काढतो. मुंबईच्या मुलास निरोप जातो. तो म्हणतो, 'गणपतीस येईन तेव्हां पाहूं.'

आज मला जी हकीकत सांगावयाची आहे, ती या आजीच्या मेंदूंत काय घडत असतें याची आहे. ती मी वैद्यकाच्या पुस्तकासारखी न सांगतां इतिहासाच्या क्रमानें सांगणार आहें; कारण या रोगासंबंधीं आज जें ज्ञान आहे त्यापेक्षां तें कसें मिळालें आणि कोठें कोठें फसलें, हें समजणें अधिक उपयोगाचें आहे.

प्रथम एक मूळ गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. जिवंत शरीर ही एक जळती चूल आहे, हें केवळ अलंकारिक बोलणें नव्हे. सन १७८२-८३ च्या हिवाळ्यांत पॅरिसमध्यें लव्हाझिए आणि लाप्लास या दोघां शास्त्रज्ञांनीं एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेवला, त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळलें तें मोजलें, आणि श्वसन म्हणजे मंद गतीनें होणारें ज्वलनच होय, असें दाखवून दिलें. पुढें शंभर-दीडशें वर्षांत असें दिसून आलें कीं, या घरांतील सर्वांत खादाड चूल मेंदूची आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूचें वजन सुमारें १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकें. परंतु विसाव्याच्या वेळीं शरीर जितकी शक्ति खर्च करतें तिचा जवळजवळ पांचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. दिवसाकांठीं त्याला १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे रक्तांतील साखर, लागते. आणि गंमत अशी कीं, एवढा मोठा खर्च असून त्याच्या घरीं कणगी म्हणून नाहीं. स्नायु आणि यकृत साखरेचा सांठा करूं शकतात. मेंदूजवळ तो अगदीं नांवाला असतो. म्हणूनच मेंदूचा रक्तपुरवठा दहा-पंधरा सेकंद थांबला तरी मनुष्य बेशुद्ध पडतो. जो रोज आणून रोज खातो, त्याला एका दिवसाचाहि खंड सोसत नाहीं, असाच हा प्रकार आहे.

आतां रोगाकडे वळूं. सन १९०१ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयांत आउगुस्टे डेटर नांवाची एकावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला आपलें नांव लिहितां येईना, जेवणांतले पदार्थ ओळखतां येईनात, आणि मीच हरवलें आहें अशा अर्थाचें कांहीं ती पुन्हा पुन्हा बोले. तिची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचें नांव अलोइस आल्झायमर. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली. तोंपर्यंत आल्झायमर म्यूनिकला गेले होते. त्यांनीं तिचा मेंदू तेथें मागवून घेतला, त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारानें रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, आणि दोन गोष्टी टिपून ठेवल्या : पेशींच्या बाहेर सांचलेले गोळे, व पेशींच्या आंत गुंतलेले धागे. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं ट्यूबिंगन येथील सभेंत त्यांनीं ही हकीकत वाचली. सभेंत कोणीं एक प्रश्नहि विचारला नाहीं. १९१० सालीं क्रेपेलिन या त्यांच्या वरिष्ठांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास आल्झायमरचें नांव दिलें.

येथें एक भेद पडला, आणि तो फार वर्षें टिकला. आउगुस्टे डेटर तरुण, म्हणून तिचा रोग 'आल्झायमर'; आणि कापड्याच्या आजीसारख्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या लाखों माणसांचें विसरणें म्हणजे केवळ वार्धक्य, अशी समजूत डॉक्टरांतहि रूढ झाली. १९७६ सालीं रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन वैद्यानें एक लहानसा लेख लिहून, तरुणाचा आणि म्हाताऱ्याचा हा रोग बहुतांशीं एकच आहे, असें निक्षून सांगितलें. म्हणजे 'वय झालें' हें उत्तर केवळ खेड्यांतील अडाणीपणाचें होतें असें नाहीं. सत्तर वर्षें तें मोठमोठ्या विद्यापीठांतूनहि दिलें जात होतें.

आल्झायमर यांनीं पाहिला तो मृत मेंदू. विझलेल्या चुलींतील राख पाहून ती पेटती असतांना कशी जळत होती हें सांगतां येत नाहीं. जिवंत माणसाच्या मेंदूंत काय जळतें, हें मोजण्याची विद्या स्वतंत्रपणें वाढत होती. १९३० च्या सुमारास हॅरॉल्ड हिमविच यांनीं मेंदूंत येणाऱ्या व तेथून परतणाऱ्या रक्ताची तुलना करून, मेंदू मुख्यतः साखरच जाळतो असें दाखविलें. त्याच सुमारास एका भारतीयाचें नांव या इतिहासांत येतें. आंध्रांतील भीमवरम येथें जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीं अमेरिकेंतील हार्वर्ड येथें सायरस फिस्क यांच्यासमवेत काम करून, पेशी ज्या पदार्थाच्या रूपानें शक्ति वापरते तो एटीपी नांवाचा पदार्थ १९२९ मध्यें वेगळा काढला. जर्मनींत कार्ल लोमान यांनीं तोच शोध त्याच वर्षीं स्वतंत्रपणें लावला. साखर हें धान्य मानलें तर एटीपी हें रोख नाणें होय. धान्य विकून नाणें केल्यावांचून पेशीचा बाजार चालत नाहीं.

पुढचें पाऊल फिलाडेल्फियांत पडलें. सीमोर केटी आणि कार्ल श्मिट या दोघांनीं १९४५ सालीं एक मोठी सोपी युक्ति काढली. नायट्रस ऑक्साइड नांवाचा वायु थोड्या प्रमाणांत दहा मिनिटें हुंगावयास द्यावयाचा, आणि त्या अवधींत हाताच्या रोहिणींतील व मानेच्या नीलेंतील रक्ताचे नमुने घेत राहावयाचे. दोहोंतील फरकावरून मेंदूंत दर मिनिटास किती रक्त वाहतें हें हिशेबानें निघतें, आणि त्यावरून तो किती प्राणवायु घेतो हेंहि कळतें. निरोगी तरुणांत दर शंभर ग्रॅम मेंदूमागें मिनिटास सुमारें साडेतीन घन सेंटिमीटर प्राणवायु खर्च होतो, असा आंकडा आला. १९५१ सालीं फ्रायहान, वुडफर्ड आणि केटी यांनीं हेंच मोजमाप वृद्धापकाळीं बुद्धि ढासळलेल्या रोग्यांवर करून पाहिलें, आणि त्यांचा प्राणवायूचा खर्च स्पष्टपणें कमी आढळला. चूल मंदावली आहे याचा जिवंत माणसांतील हा पहिला पुरावा म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु या युक्तींत एक उणीव होती. तिनें सगळ्या घराचा मिळून खर्च कळे. कोणत्या खोलींत दिवा आहे आणि कोणत्या खोलींत अंधार, हें कळत नसे. १९५५ सालीं केटींचे सहकारी लुइस सोकोलॉफ यांनीं निरोगी माणसांना तोंडी गणितें घालून मोजमाप केलें, तर एकंदर खर्चांत फरकच दिसेना! विचार करण्यास शक्ति लागत नाहीं असा त्याचा अर्थ नव्हे. मेंदू सदैव इतका कामांत असतो कीं एका गणितानें एकूण बेरीज हलत नाहीं. तेव्हां सोकोलॉफ यांनीं वेगळी वाट धरली. साखरेशीं अगदीं मिळतीजुळती, परंतु पेशींत शिरल्यावर पुरती न जळतां तेथेंच अडकून राहणारी डिऑक्सिग्लुकोज नांवाची शर्करा त्यांनीं निवडली. तिला किरणोत्सर्गी खूण लावली कीं ज्या भागानें जितकी साखर ओढली तितकी खूण तेथें सांपडते. ही रीत त्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ मध्यें प्रसिद्ध केली, ती जनावरांपुरती होती. मनुष्यासाठीं हीच शर्करा फ्लोरिन-१८ ची खूण लावून न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत तयार झाली. १९७६ च्या ऑगस्ट महिन्यांत ती विमानानें फिलाडेल्फियास नेऊन प्रथमच माणसास टोंचण्यांत आली. विमानाची घाई कां? तर फ्लोरिन-१८ चें तेज दर ११० मिनिटांनीं निम्म्यावर येतें.

आपल्याकडे ही विद्या यावयास पाव शतक लागलें. मुंबईस परळ येथें भाभा अणुसंशोधन केंद्राचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून काम करीत आहे. तेथें २००२ सालीं देशांतील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसविण्यांत आला, आणि ही खुणेची साखर भारतांत तयार होऊं लागली. ज्या परळच्या गिरण्यांतून कोंकणांतल्या हजारों माणसांनीं हयात काढली, त्याच परळमध्यें त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या मेंदूची चूल पाहण्याचें साधन निर्माण व्हावें, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मात्र हिशेब करून पाहावा : परळहून कापड्यास रस्त्यानें चार-पांच तास लागतात. परळहून निघालेली ही साखर कापड्यास पोंचेपर्यंत तिचें तेज चौथ्या हिश्श्याहूनहि कमी उरेल. म्हणजे येथें औषध रोग्याकडे जात नाहीं, रोग्यासच औषधाकडे जावें लागतें; आणि जो रोगी घरची वाट विसरला आहे, त्याला कोणी तरी हात धरून न्यावें लागतें.

या साधनानें काय दिसलें? १९८० नंतरच्या पांच-सहा वर्षांत अमेरिकेंत व युरोपांत अनेक ठिकाणीं आल्झायमरच्या रोग्यांची अशी चित्रें घेण्यांत आलीं, आणि सर्वत्र एकच नकाशा उमटला. कानशिलाच्या वरचा आणि त्यामागचा भाग, जेथें शब्द, चेहरे आणि वाटा यांची जुळणी होते, तो मंद. तर हालचाल आणि दृष्टि सांभाळणारे भाग बराच काळ ठीक. आजी भाकरी थापूं शकते, पण ती कोणासाठीं थापावयाची हें तिला आठवत नाहीं, याचें कारण या नकाशांत आहे. १९९७ सालीं सातोशी मिनोशिमा यांनीं दाखविलें कीं, मेंदूच्या मध्यभागीं मागील बाजूस असलेला एक पट्टा सर्वांच्या आधीं मंदावतो. पुढें असें आढळलें कीं, मनुष्य स्वस्थ बसून आठवणींत रमतो तेव्हां हाच प्रदेश सर्वांत अधिक जागा असतो. जी चूल सर्वांत अधिक जळते तिच्यावरच घाला पडतो, असें म्हणावयास जागा आहे.

खरा धक्का १९९६ सालीं बसला. एरिक रायमन व त्यांचे सहकारी यांनीं पन्नास ते पासष्ट वयाचीं अशीं माणसें निवडलीं, कीं ज्यांना या रोगाकडे कल देणारा 'एपीओई-४' हा आनुवंशिक अंश आई आणि बाप दोघांकडून मिळाला होता. त्यांची स्मरणशक्ति शाबूत होती; तरीहि त्यांच्या मेंदूंत त्याच जागीं साखरेचा खप कमी दिसला. २००४ मध्यें हाच प्रकार वीस ते एकूणचाळीस वयाच्या तरुणांत, ज्यांना हा अंश एकाच बाजूनें आला होता त्यांच्यांतहि, आढळला. भात विसरण्याच्या कितीतरी वर्षें आधीं चूल थोडी मंद जळत असते, असा याचा अर्थ.

आतां येथें मोठा वाद उभा राहतो. चूल मंदावते म्हणून घर उजाड होतें, कीं घर उजाड झालें म्हणून चूल मंद दिसते? एक पक्ष म्हणतो, मूळ दोष आल्झायमर यांनीं पाहिलेल्या गोळ्यांत आहे. १९८४ सालीं ग्लेनर आणि वाँग यांनीं अमायलॉइड या प्रथिनाची ओळख पटविल्यापासून हा पक्ष बलवान झाला. या गोळ्यांवर चालणारीं लेकानेमॅब व डोनानेमॅब हीं औषधें अमेरिकेंत अनुक्रमें २०२३ व २०२४ सालीं पूर्णपणें मान्य झालीं. तीं रोगाची गति कांहींशी कमी करतात, पण तो मागें फिरवीत नाहींत, आणि मेंदूंत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका त्यांत आहे. दुसरा पक्ष म्हणतो, शक्तीचा तुटवडा हाच आधीं आहे. त्याच्या बाजूनेंहि पुरावा थोडा नाहीं. स्मृतीसाठीं लागणारें ॲसिटिलकोलीन हें द्रव्य साखरेच्या ज्वलनांतून निघालेल्या अंशापासूनच बनतें. आणि तें बनविणारें किण्व या रोग्यांच्या मेंदूंत फार घटलेलें असतें, हें १९७६ सालींच सिद्ध झालें. साखर जाळण्याच्या वाटेवरील दुसरीं कांहीं किण्वेंहि पुढें कमी आढळलीं. १९९४ मध्यें पेलेरँ आणि माजिस्त्रेत्ती यांनीं स्वित्झर्लंडमध्यें अशी कल्पना मांडली कीं, तारकापेशी नांवाच्या सोबतिणी साखर अर्धी शिजवून, तिचें लॅक्टेट करून, मज्जापेशींस वाढतात. म्हणजे जेवणारी एक आणि रांधणारी दुसरी. रांधणारी आजारी पडली तर धान्य असूनहि उपास घडावयाचाच. बहुतेक जाणते आतां असें मानतात कीं, हे दोन्ही दोष एकमेकांस वाढवितात. सुताच्या गुंत्यांत पहिलें टोंक कोणतें हें शोधण्याइतकेंच हें कठीण आहे.

चूल मंद आहे असें कळल्यावर दुसरें सरपण घालून पाहावें, हा विचार सहज सुचतो. त्यालाहि इतिहास आहे. १९६७ सालीं जॉर्ज केहिल व त्यांचे सहकारी यांनीं बॉस्टन येथें पांच-सहा आठवडे उपास करणाऱ्या स्थूल माणसांचा मेंदू काय खातो हें मोजलें. तोंवर समज असा कीं, मेंदूस साखरेवांचून दुसरें चालत नाहीं. पण दीर्घ उपासांत चरबीपासून यकृतानें केलेलीं कीटोन द्रव्यें मेंदूची सुमारें दोनतृतीयांश गरज भागवीत होतीं. पुढें कॅनडांतील स्टीफन कुनेन यांनीं दाखविलें कीं, रोगाच्या आरंभीं मेंदू साखर कमी घेत असला तरी कीटोन द्रव्यें जवळजवळ पूर्वीसारखींच घेऊं शकतो. ही बातमी फुटली आणि खोबरेलाचा चमचा हाच स्मृतिभ्रंशावरील उतारा, असा बोलबाला झाला. आपल्या कोंकणांत खोबऱ्याला तोटा नाहीं, आणि खोबरें खाणाऱ्यांस हा रोग होत नाहीं असेंहि नाहीं! कीटोन वाढविणाऱ्या एका औषधाची आरंभीं आशा वाटली. मोठ्या चांचणींत त्याचा गुण दिसला नाहीं. तीच गोष्ट नाकावाटें इन्सुलिन देण्याची : २०१२ मधील लहान प्रयोग आशादायक, आणि २०२० मधील मोठा प्रयोग निष्फळ. शास्त्राची खरी परीक्षा मोठ्या चांचणींत होते, आणि आशेचा बाजार त्याच्या आधींच भरतो, एवढें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मग करावें तरी काय? येथें पुण्याची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास १९९३ पासून चालविला. तेथील नवजात बालकें वजनानें इंग्लंडमधील बालकांपेक्षां पुष्कळ हलकीं, सरासरी २.७ किलो, पण त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानानें घटलेली नव्हती. दिसावयास किरकोळ, आंतून चरबीचा साठा, आणि म्हणून पुढें मधुमेहाकडे कल. मधुमेह झालेल्या माणसास उतारवयांत बुद्धिभ्रंशाचा धोका सुमारें दीडपट असतो, हें अनेक देशांतील पाहण्यांवरून दिसून आलें आहे. म्हणजे आजीच्या मेंदूची काळजी चाळिशींतल्या सुनेच्या रक्ताच्या तपासणीपासून सुरू होते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. २०२४ सालीं लॅन्सेट या नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानें असा निष्कर्ष काढला कीं, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, बहिरेपणा, दृष्टिदोष, एकलेपणा, शिक्षणाचा अभाव अशा चौदा गोष्टी आवरतां आल्या तर जगांतील बुद्धिभ्रंशाचे जवळजवळ निम्मे प्रसंग टाळतां किंवा लांबणीवर टाकतां येतील. या यादींत महाग असें फार थोडें आहे. कापड्यासारख्या गांवांत एकलेपणा आणि न काढलेला मोतीबिंदू हीं दोनच घेतलीं तरी काम पुरेसें आहे. आणि भारतांत काम किती आहे? २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनें साठीवरील माणसांत बुद्धिभ्रंशाचें प्रमाण शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें, असें ठरविलें.

शेवटीं एका शब्दाविषयीं. या रोगास आपण 'स्मृतिभ्रंश' म्हणतों. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतला. तेथें क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि त्यापासून बुद्धीचा नाश अशी साखळी दिली आहे. तेथें तो मनुष्याच्या स्वतःच्या चुकीचा परिणाम आहे. शब्द तोच राहिल्यामुळें कीं काय, या रोग्याकडे पाहतांना आपल्या मनांत दोषाची छाया कोठें तरी रेंगाळते. ती काढून टाकावयास हवी. शंभर वर्षांच्या या इतिहासानें बाकी कांहीं शिकविलें नसलें तरी एवढें निश्चित शिकविलें आहे कीं, आजी हट्टानें विसरत नाहीं, आणि तिला कोणीं झपाटलेलेंहि नाहीं. अन्न रक्तांत आहे, परंतु तें जाळून उजेड करण्याची मेंदूची ताकद उणी झाली आहे. भुकेल्या माणसावर आपण रागावत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, पायवाटेवर उभी राहून ती घर विचारील तेव्हां तिला हंसूं नये, 'आठव पाहूं' म्हणून दटावूं नये. तिचा हात धरावा, वाट दाखवावी, आणि मुंबईच्या मुलानें गणपतीची वाट न पाहतां या महिन्यांतच तिला डॉक्टरांकडे न्यावें. कारण विस्मृतीसारखीं दिसणारीं थायरॉइडचीं, बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचीं व मनाच्या उदासीनतेचीं दुखणीं उपचारानें सुधारतात, आणि तीं तपासल्याशिवाय ओळखूं येत नाहींत. चूल पुन्हा पूर्ववत् पेटविण्याचा उपाय अजून कोणास सांपडलेला नाहीं. तोंवर जो निखारा शिल्लक आहे त्यावर पाणी पडूं न देणें, एवढें घरच्या माणसांच्या हातीं आहे.